भाचीच्या वाढदिवसाचं बॅनर

मी शाळेत संगणक शिकवते, आणि दरवर्षी सातवीच्या मुलांना इंटरनेटवर सांभाळून कसं वागायचं तेही शिकवते. नुसतं पुस्तक वाचून दाखवायचा मला कंटाळा. मी घोकूनच घेते: नाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही, कुठं राहतो ते सांगायचं नाही. आणि कुणी फोटो काढायला लागलं की आधी विचारायचं, कुणाला पाठवणार? समोर मावशी असो नाहीतर मास्तर. माझी लेक दुसऱ्या शाळेत सहावीत, पण तिला हे सगळं वेणी घालता घालताच पाठ झालेलं. एकदा गेममध्ये कुणीतरी तिला शाळेचं नाव विचारलं, तर तिनं गेम बंद केला आणि मोबाईल आणून माझ्या हातात दिला. स्टाफरूममध्ये मी ते इतक्यांदा सांगितलं की शेवटी एका बाईंनी चहाचा कप पुढं करून मला गप्प केलं.

लेकीच्या बाराव्या वाढदिवसाच्या आदल्या सकाळी सोयगावहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याचं तिथं बी-बियाणांचं दुकान आहे आणि बॅनरचा त्याला भारी सोस. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, याचं बॅनर मोबाईलवर तयार. भाचीचा चांगला फोटो पाठव म्हणाला, आणि शाळेचं नावही टाक. माझा एक हात कणकेत होता. दुसऱ्या हातानं मी तिचा बक्षीस घेतानाचा, गणवेशातला फोटो पाठवला. शाळेचं नाव टाईप करायला सवड नव्हती, म्हणून बोलून पाठवलं. कुणाला पाठवणार, हे मी विचारलं नाही. सख्ख्या भावाला काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी बॅनर आलं. सोनेरी चौकट, वर उडणारी कबुतरं, मधोमध माझी लेक. खाली तिचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, आणि आम्ही राहतो ते पुंडलिकनगर. शुभेच्छुक म्हणून अख्खं घराणं ओळीनं उभं, त्यात मीही हसतेय. खरं सांगते, बघून मला बरं वाटलं. मी ते स्टेटसला ठेवलं.

संध्याकाळी लेक माझ्या मोबाईलवर मामाच्या फेसबुकवरच्या शुभेच्छा वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. एका अनोळखी खात्यावरून कुणीतरी शुभेच्छा दिल्या होत्या. चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल. खाली विचारलं होतं, ही शाळा नेमकी कुठं आली, सुटते किती वाजता? आणि माझ्या भावानं हात जोडून उत्तर दिलं होतं: धन्यवाद दादा, चौकाच्या पुढं डाव्या हाताला, साडेपाचला सुटते.

“आई, मी नाय सांगितलं,” लेक म्हणाली.

मी भावाला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरू झाले. तो माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. दुकानात येणाऱ्यांपैकी असेल म्हणाला. मग मी का ओरडतेय तेच त्याला कळेना.

“ताई, माणसानं लेकराला शुभेच्छा दिल्या, विचारपूस केली, अन् आपण गप बसायचं व्हय? लई वाईट दिसतंय ते.”

त्याच्या दुकानातून कुणी उत्तर न घेता परत जात नाही, हे मला माहीत आहे. मी तरीही त्याला नको नको ते बोलले. त्यानं बॅनर काढलं, पण तोवर ते चुलत-मावस सगळ्यांच्या स्टेटसवर चढलं होतं. एकेकाला फोन करून काढायला लावताना प्रत्येकाला आधी समजवावं लागलं, आणि प्रत्येकानं शेवटी विचारलं, भावाशी काही वाजलं का? मग माझ्या आईचा फोन. मामानं कौतुक केलं ते चुकलं का, म्हणून. मला सगळ्यांचा संताप आला, त्या कबुतरांचासुद्धा. माझ्यावर मात्र कुणीच चिडलं नाही, आणि चिडायला तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

नवऱ्यानं फेसबुककडं त्या खात्याची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी ते खातं दिसेनासं झालं, त्यामुळं माझी भीती वाढलीच. मी लेकीच्या शाळेत बाईंना आणि शिपाईमामांना सांगून ठेवलं, माझे शेवटचे तास बदलून घेतले आणि रोज साडेपाचला फाटकाशी उभी राहू लागले. मोटरसायकलला टेकलेला प्रत्येक बाप्या मला तोच वाटायचा. लेक आधी मैत्रिणीबरोबर चिंचा खात, रमतगमत घरी यायची. आता माझ्या मागून खाली मान घालून यायची. तो माणूस आला नाही. किंवा आलाही असेल, फुलावरून मी काय ओळखणार?

दसऱ्याला तिनं नवा ड्रेस घातला. निळा, तिला शोभणारा. मी सहज मोबाईल वर केला, तर तिनं तळहात तोंडापुढं धरला.

“कुणाला पाठवणार?”

कुणालाच नाही, मी म्हटलं. माझ्याजवळच ठेवते. तिनं हात खाली घेतला नाही.