आबांच्या अळ्या

माझे वडील, आबा, गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे रिहे गावात राहायला आले. आई गेल्यापासून माले गावातल्या घरात ते एकटेच होते. भाऊ सुरतेला, त्याच्या एका खोलीत त्याचंच मावत नाही. म्हणून मी हट्टाने त्यांना उचलून आणलं. पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणारी त्यांची पिढी. ते खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि अर्धी भाकरी खायचे. मी वाढायला गेले की ताटावर आडवा हात. जावई घरात असला तर भूकच नसायची.

मग लिलीवर अळ्या पडल्या. कुंपणालगत पांढऱ्या लिलीची लांब रांग आहे आमची. या अळ्या काळ्या, अंगावर पांढरे ठिपके, पान आतून पोखरत थेट मातीतल्या कांद्यापर्यंत उतरणाऱ्या. पान लिबलिबीत होतं आणि घाण वास सुटतो. मी तर त्या बाजूला जायचंच सोडलं. आबांनी मात्र रंगाचा रिकामा डबा शोधून काढला, त्यात साबणाचं पाणी केलं आणि सकाळी चहाच्या आधीच रांगेत उकिडवे बसले. पान उकलायचं, अळी चिमटीत धरायची, डब्यात टाकायची. आत आले ते डबा दाखवतच.

“लई हायेत,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मला वाटलं, रिह्याची हवा मानवली त्यांना. इतकी मी शहाणी.

रोज सकाळी हेच चालू झालं. जावयालाही बोलावून डबा दाखवायचे, तोही बिचारा नाक दाबून कौतुक करायचा. आबा आता खुर्चीत मागे टेकून बसू लागले होते. एके दिवशी शेवाळलेल्या फरशीवरून त्यांचा पाय सरकला. लागलं नाही, पण माझा जीव टांगणीला लागला. या वयात हाड मोडलं तर काय घ्या! शिवाय मनात कुठेतरी असंही होतं की म्हाताऱ्या बापाला किडे वेचायला लावते, असं लोक म्हणतील. ते माल्याला एका दहाव्याला गेले होते, ती संधी साधली. पावसाने उघडीप दिली होती. पौडच्या दुकानातून औषध आणलं आणि तोंडाला ओढणी बांधून अख्खी रांग फवारून काढली. केवढी खूश होते मी स्वतःवर.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आबा डबा घेऊन बाहेर गेले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पानं उकलत गेले, पुन्हा उलटे आले. डब्यातलं पाणी जसंच्या तसं. मी म्हटलं, औषध मारलंय आबा, आता तुम्ही निवांत बसा. ते म्हणाले, बरं केलंस. जेवायला बसले आणि मी भाकरी वाढायच्या आतच हात आडवा आला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबा त्या अळ्यांवर जेवत होते. लेकीच्या घरी फुकट बसून खात नाही, एवढं स्वतःला सांगायला त्यांना तो डबा पुरत होता. तो मीच रिकामा केला होता, तोही त्यांच्या काळजीपोटी. मला स्वतःचा राग आला, तसा कुणाचाच कधी आला नव्हता.

आता माझा दुसरा शहाणपणा ऐका. आमच्या खालच्या अंगाला एक बंद फार्महाऊस आहे. तिथल्या लिलीवर अळ्यांचा सुळसुळाट होता. संध्याकाळी हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मी त्या गोळा केल्या आणि आमच्या पानांवर आणून सोडल्या. जिला पाल दिसली तर घर डोक्यावर घ्यायची सवय, ती मी. मात्र पानांवर औषध अजून बसलेलं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

सकाळी मी बाहेर गेले तर आबा रांगेपाशी उभे होते. अळ्या फरशीवर मरून पडल्या होत्या. पानाला एकीनेही तोंड लावलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“माझ्यासाठी आणल्यास व्हय?”

मी मान डोलावली. मग रडू फुटलं. म्हटलं, आबा, काम कशाला हवं तुम्हाला? तुम्ही बाप आहात माझे.

“बाप हाय म्हून तर न्हाई जमत, पोरी.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मेलेल्या अळ्या खराट्याने गोळा केल्या, फरशी धुतली आणि आपल्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली. दुपारी आम्ही दोघांनी त्यांना माल्याला सोडलं. मी पुष्कळ विनवण्या केल्या. पुढच्या पावसाळ्यात येईन म्हणाले, पण ते मला बरं वाटावं म्हणून.

यंदा आमची लिली अशी फुललीय की रस्त्याने जाणारे थांबून विचारतात, कुठलं औषध मारलंत. मी सांगते. मग आत येऊन माल्याला फोन लावते. आबा म्हणतात, बरा हाय. त्यांच्या मागे घरात दुसरा कसलाच आवाज नसतो.