उसनी चव

चंद्रपूरकडच्या सावली गावाच्या आसपास लग्न ठरलं की मुहूर्ताआधी श्रावण आचाऱ्याची तारीख धरावी लागे. पाचशे पानांची वांग्याची भाजी असो की लाखोरीच्या डाळीचे वडे, त्यानं कधी काही मोजून टाकलं नाही. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळणारी तर्री लांब दांड्याच्या सराट्यानं उचलायची, दोन थेंब डाव्या तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि मूठभर मीठ उधळायचं. सव्वीस वर्षं हा हात चुकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, भाताचा गंज उतरवताना त्याच्या छातीत कळ आली. अंग घामानं निथळलं. सोबतच्या चैतूनं गंज एकट्यानं खाली ठेवला आणि त्याला ऑटोत घालून आधी सावली, मग चंद्रपूर गाठलं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. घरी सोडण्याआधी तिथल्या आहारतज्ज्ञ उर्वशी मॅडमनी त्याला आणि बायको अंजनाबाईला समोर बसवून समजावलं. दिवसभरात सगळं मिळून एक लहान चमचा मीठ. तेल मोजून. भाताचा ढीग नाही, एक वाटी. बाकी ताट भाजी-डाळीनं भरायचं. लोणचं, पापड, सुकट बंद. तंबाखूचा खर्रा तर कायमचा बंद.

"मॅडम, मी आचारी हावो," श्रावण म्हणाला.

"म्हणून तर तुम्हाला जास्त सांगते आहे," त्या म्हणाल्या.

अंजनाबाईनं ते अक्षरशः पाळलं. वेगळं कशाला रांधायचं म्हणून स्वतःही तेच जेवू लागली. पहिले पंधरा दिवस श्रावणला घास गिळवेना; गवत चावल्यासारखं वाटे. मग हळूहळू जीभ वळली. दुधी भोपळ्यालाही आपली एक गोडी असते, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वजन सात किलो उतरलं, रक्तदाब ताळ्यावर आला. मॅडमनी पाठ थोपटली.

पण पुढच्याच लग्नात घोटाळा झाला. त्यानं तर्री चाखली, त्याला ती छान खारट लागली. पंगत बसली आणि नवरीचा मामा ओरडला, "काऊन आचारीभाऊ, मीठ इसरले का?" दुसऱ्या लग्नातही तेच. पाहुण्यांनी हसत हसत ताटात वरून मीठ घेतलं. श्रावण मंडपामागं जाऊन मान खाली घालून बसला. औषधानं जीव राहिला होता, जीभ मात्र गेली होती.

चैतू त्याच्याजवळ आला. बावीस वर्षांपासूनचा जोडीदार, वयानं चार वर्षं लहान. जाळ लावणं आणि गंज उचलणं हे त्याचं काम. गालात कायम खर्रा, बोलणं मोठमोठ्यानं.

"यात काय एवढं? तुमी रांधा भाऊ, मी चाखतो."

तेव्हापासून तसंच चाललं. मसाला, फोडणी, आच श्रावणची, मीठ चैतूचं. श्रावण सराटा पुढं करी, चैतू चाटे. "अजून अर्धी मूठ." ती पडली की भाजी जुन्या चवीवर येई. लोक पुन्हा वाखाणू लागले. एका लग्नात चैतू पंचवीस-तीस वेळा चाखायचा, आणि पंगती उठल्या की उरलेल्या तर्रीत भात कालवून पोटभर जेवायचा.

एकदा पायऱ्या चढताना चैतू धापा टाकू लागला. श्रावण म्हणाला, "एकदा बीपी पाहून घे ना बावा."

"तपासलं का मंग निगते भाऊ. नाई तपासलं तं काईच नाई निगत," म्हणत चैतू खदखदून हसला.

श्रावणही हसला. मॅडमनी सांगितलेलं सगळं त्याला पाठ होतं. चैतूचे सुजलेले पाय दिसत होते, सकाळचं डोकं दुखणं त्याच्या कानावर होतं. तरी त्यानं दुसऱ्यांदा विषय काढला नाही. चैतूचंही मीठ बंद झालं तर चाखणार कोण, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. येऊन गेलं, आणि त्यानं ते तसंच दाबून टाकलं.

माघात एका दुपारी अंगणात गंज घासता घासता चैतू आडवा झाला. बायको मीराबाई पाणी घेऊन धावली, तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला असावा.

तेरवीचं रांधायला मीराबाईनं दुसरा आचारी बोलावू दिला नाही. "तुमीच करा भाऊ. त्याइले तुमच्याच हातचं आवडे."

श्रावणनं एकट्यानं चूल पेटवली. भाजीला उकळी आली तसा सवयीनं सराटा बाजूला धरला, आणि तो हवेतच राहिला. अंजनाबाईला विचारावं तर तिची जीभही त्याच्यासारखीच झालेली. शेवटी मीराबाईच पुढं आली. दोन थेंब तळहातावर घेऊन चाटले.

"अजून अर्धी मूठ," ती म्हणाली.

श्रावणनं अर्धी मूठ भरली. मीठ पडलं. पंगतीत लोक म्हणाले, भाजी पहिल्यासारखी झाली. त्याला मात्र घास गेला नाही. वाढताना तो मीराबाईच्या पायांकडे बघत होता. घोटे सुजलेले होते.

चौथ्या दिवशी तो तिला आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेला. चंचल सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला. एकशे चौऱ्याऐंशी, एकशे दहा. गोळ्या लिहून दिल्या, सावलीला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

मीराबाई पट्ट्याकडे बघत होती. "एवढंच असते का हे?"

"एवढंच," सिस्टर म्हणाली. "दोन मिनिटं."

परतताना धानाच्या बांधावर श्रावण थांबला. "बाई, मले माहीत होतं. मी त्याले एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा नाई म्हटलं. माह्या गरजेपायी नाई म्हटलं."

मीराबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मी तं एकदाबी नाई म्हटलं, भाऊ. हसरा माणूस होता. त्याले काई होईन असं वाटलंच नाई."

त्या सराईच्या सगळ्या तारखा श्रावणनं परत केल्या. लोक समजावायला आले, दुसरा कोणी चाखणारा ठेवा म्हणाले. तो नुसती मान हलवायचा. गंज, झारे, सराटे त्यानं गावच्या समाजमंदिरात देऊन टाकले.

आता अंजनाबाई दोन घरांचं कमी मिठाचं एकत्रच रांधते. मीराबाई डबा घ्यायला येते, कधी तिथंच ओसरीवर जेवते. रक्तदाब उतरतो आहे. जेवणाबद्दल ती कुरकुर करत नाही. श्रावणला वाटतं, तिनं एकदा तरी करावी.