ओलिवाच्या आईने आणायचे रंग

आमच्या पालेर्मोत मुलांना भेटी आणायच्या त्या घरातल्या मेलेल्या माणसांनी. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सगळे झोपले की आजोबा, काकी, जे कोणी गेलं असेल ते येतं आणि वस्तू कपाटामागे, पलंगाखाली लपवून जातं. दुसऱ्या दिवशी पोरं घर पालथं घालतात आणि मग सगळी वरात दफनभूमीत, आभार मानायला. पदरचे पैसे घालून त्या वस्तू आणणारे आईबाप मात्र जिवंत असतात, आणि त्या आठवड्यात त्यातले बरेचसे निन्फाच्या दुकानात येतात.

निन्फा लो काशो माझी शेजारीण. माझं बदामाच्या मिठाईची रंगवलेली फळं विकायचं दुकान, भिंतीला भिंत लावून तिचं रंग-कागदाचं. चौतीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, जोगीण झाली नाही, रंग विकत बसली. विकत बसली आपलं नुसतं म्हणायचं, कारण विकायची अक्कल या बाईला काडीची नाही. गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं असतं आणि ही विचारते, "मूल दाबून रंगवतं की हलक्या हाताने? कागद फाटतो का?" बापाला काय डोंबल ठाऊक! तो म्हणतो, "मोठ्यातला मोठा डबा द्या." मग ही त्याला एका बुटक्या स्टुलावर बसवते, खाकी कागद पुढे सरकवते आणि म्हणते, "आधी तुम्ही काढा." स्वतः वापरून बघितल्याशिवाय पेन्सिलसुद्धा मिळत नाही. मोठमोठे वकील टाय खांद्यावर टाकून गाढवं काढताना मी पाहिलेत.

"अगं, शाळाच काढायची होतीस, दुकान कशाला थाटलंस?" मी म्हणते.

"तू तुझी फळं रंगव," ती म्हणते.

या तिच्या खोडीतून एकच गिऱ्हाईक सुटलं होतं. एन्झा. ती आपणहून कागद उजेडात धरून बघायची, ब्रश पाण्यात बुडवून टोक जमतं का तपासायची. लेकीला, ओलिवाला, बरोबर आणायची आणि तिलाही दाखवायची. थोडंच घ्यायची, पण निवडून घ्यायची. गेल्या वर्षी ईस्टरच्या सुमाराला एन्झा गेली. पस्तिशीही उलटली नव्हती. देवाचा हिशेब मला कधी कळला नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही उरली नाही.

त्याच वर्षीचा ऑक्टोबर संपत आला होता. दुपारी मी निन्फाकडे कॉफी घेऊन गेले, तर आठ वर्षांची ओलिवा एकटीच दारात उभी.

"निन्फामावशी, एक विचारू? आईला आमचं नवीन घर सापडेल का?"

उन्हाळ्यात तिच्या बापाने, गास्पारेने, समुद्राकडची जुनी जागा सोडली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या आईजवळ, चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं होतं. एन्झाने ते घर पाहिलेलंच नव्हतं.

"जुन्या घरात आता दुसरी माणसं राहतात," ओलिवा म्हणाली. "तिने तिथेच ठेवून दिलं तर?"

निन्फा म्हणाली, "सापडेल."

"पण आईच आली होती हे मला कसं कळणार? आजोबापण येतात ना."

"वस्तू बघ. तुझ्या आईची निवड तुला ओळखू येईल."

ओलिवाने विचार केला. "हो. आई कधीच वाईट रंग आणत नाही," म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर मी निन्फाला फैलावर घेतलं. "काय बोलून बसलीस? आता रंग कोण आणणार आहे? गास्पारे! त्या माणसाने जन्मात तुझ्या दुकानाची पायरी चढली नाही. त्याने काहीबाही आणलं की पोरीला वाटणार आई आलीच नाही. आलंय का डोक्यात?"

निन्फाने कॉफीचा कप बाजूला सारला. तिचा चेहरा पडला होता, तेव्हा मीही आवरतं घेतलं.

दुसऱ्याच दिवशी गास्पारे आला. काखेत जत्रेतून आणलेला मोठा पत्र्याचा डबा. झाकणावर मांजर, आत अठ्ठेचाळीस रंग, नुसता झगमगाट.

"रंग घेतलेत," तो म्हणाला. "एखादी वही तेवढी द्या."

"हे रंग नकोत," निन्फा म्हणाली.

"बाई, अठ्ठेचाळीस आहेत. तुमच्याकडे सगळे बारा-बाराचे. पहिल्याच वर्षी एन्झा हात हलवत आली असं वाटू द्यायचं का पोरीला?"

खरं सांगते, मला त्याचंच पटलं. पण निन्फाने स्टूल पुढे ओढलं.

"बसा."

"मी काय बालवाडीतला आहे?"

"काम काय करता?"

"माहीत नसल्यासारखं विचारताय. गोदीत बोटी रंगवतो. बावीस वर्षं झाली."

"मग बसा, आणि हा रंग बोटीला लावाल का ते सांगा."

तो धुसफुसत बसला. गुडघे हनुवटीला टेकले. डब्यातला ब्रश ओला करून त्याने लाल रेघ ओढली. रेघ फिकट आली, तिच्यात ब्रशचे तीन केस चिकटलेले. निळी ओढली. वाळल्यावर अंगठा फिरवला, तर सगळी भुकटी अंगठ्याला. त्याने अंगठा बराच वेळ निरखला.

"नुसता खडू आहे," तो म्हणाला. "रंग चवीपुरता. मी हा अस्तरालासुद्धा वापरणार नाही."

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"एन्झाने लांबूनच ओळखलं असतं," गास्पारे म्हणाला. तेव्हा निन्फाने त्याला ओलिवा काय विचारून गेली ते सांगितलं. त्याने डोळ्यांवर हात ठेवला.

"मला नाही विचारलं तिने," तो म्हणाला. "एन्झाचं नाव काढलं की मी उठून जातो. कसं विचारेल?"

मग तो उठला आणि बोटीसाठी निवडावा तसा रंग निवडायला लागला. ब्रश ओला करून झटकला, केस ओढून पाहिले, तीन बाजूला टाकले, चौथा घेतला. कागद उजेडाकडे धरला, अगदी एन्झासारखा. कुठला निळा उन्हात टिकतो, कुठला उडतो, खोदून खोदून विचारलं. तास गेला. निन्फा उत्तरापुरती बोलत होती, आणि हे मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते. शेवटी काय घेतलं? सहा सुटे रंग, एक ब्रश, जाड कागदांची एक वही.

"एवढंच?" मी विचारलं.

"रंग चांगला असला की सहा पुरतात. बाकीचे मिसळून होतात," तो मलाच शिकवायला लागला. निन्फाने प्रत्येक वस्तूवरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि पुडकं त्याच्या हातात दिलं.

दोन तारखेला निन्फा आणि मी दफनभूमीत गेलो. आमचे आईबाप एकाच रांगेत आहेत, एन्झा दोन रांगा मागे. गास्पारे शेवंती घेऊन उभा होता. ओलिवाची बोटं निळी झालेली. आम्ही लांबच थांबलो, पण कान तिकडेच होते, खोटं कशाला बोलू.

"आई, घर सापडलं तुला," ओलिवा दगडावरच्या फोटोला सांगत होती. "रंग कपाटामागे होते. निळा फार छान आहे."

मग तिने वळून बापाकडे पाहिलं, फोटोजवळ तोंड नेलं आणि हळू बोलली. लहान मुलाचं हळू ते, अख्ख्या रांगेला ऐकू गेलं.

"ब्रशच्या टोकाला वर्तमानपत्र गुंडाळून दोरा बांधला होता, आई. बाबा गोदीतले ब्रश तसेच बांधतात. म्हणजे तू बाबांना शिकवलंस ना? मग पुढच्या वर्षी तू चार जिने चढू नकोस. बाबांना जमतं आता."

गास्पारे तिच्या शेजारी खाली बसला, आणि या वेळी तो उठून गेला नाही.