भाड्याचं मुंडासं

अण्णा, माझे वडील, सोमवारी गेले. दहावा झाल्यावर मी ऑफिसला गेले. मॅडमनी मला काचेच्या खोलीत बसवलं.

"सॉरी गं. आता ऐक. यावर आपण एक पोस्ट करतोय. तूच लिही. ऑथेंटिक वाटेल."

यावर. म्हणजे अण्णांच्या मरणावर.

आमच्या ज्युनिअर कॉलेजने अकरावीच्या काही मुलांना महाळुंग्याच्या एका जाहिरात कंपनीत शिकायला पाठवलं होतं. मला पुस्तकं आवडायची, म्हणून माझं नाव गेलं. चांगलं काम केलं तर बारावीनंतर तिथेच नोकरी आणि शिक्षणाचा खर्च, असं ठरलं होतं. घरात याचा केवढा आनंद. मॅडम म्हणायच्या, मला नावाने हाक मार. मला ते कधी जमलं नाही.

कासार आंबोलीजवळ बंगल्यांचे प्लॉट विकायचे होते. जाहिरातीला खरा शेतकरी हवा होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांना विचारलं. लेकीचं काम म्हणून ते लगेच तयार झाले. इस्त्रीची पँट, आकाशी शर्ट, नीट भांग. आईने रुमालही दिला.

फोटोवाला म्हणाला, "काका, हे काढा. शेतकरी वाटत नाही."

"मी शेतकरीच हाय की."

सगळे हसले. अण्णाही हसले. मग त्यांना धोतर नेसवलं, भाड्याने आणलेलं मुंडासं बांधलं, गालाला माती लावली. त्यांच्याच खाचरात, त्यांच्याच बांधावर. धोतर त्यांनी जन्मात नेसलं नव्हतं. एका हाताने ते धरून ते उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली.

पौड रोडला होर्डिंग लागलं. अण्णा हात जोडून म्हणत होते, "या, माझ्या मातीत तुमचं घर बांधा." ते असं कधी बोलले नव्हते. जमीन विकायचीही नव्हती.

चहाच्या टपरीवर लोकांनी धरलं. "काय अण्णा, तमाशात गेला व्हय?"

"अण्णा, आमाला पन दावा की तुमचा प्लॉट!"

अण्णा हसून चहा प्यायले. त्यानंतर ते त्या रस्त्याने जाईनात. लांबच्या वाटेने यायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पावसाळ्यात खाचरात कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

काचेच्या खोलीत मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहिली ओळ त्यांनीच लिहून ठेवली होती. "बाबा गेले, पण त्यांची माती तुमची वाट पाहते आहे."

मी म्हणाले, "आम्ही त्यांना बाबा म्हणत नाही."

"बाबा जास्त कनेक्ट होतं."

"ती जमीन आमची आहे. तिथं भात आहे."

"अगं, कोण बघायला जातंय? पुढे लिही."

माझे हात टेबलावर होते. ते मी मांडीवर घेतले.

"मी लिहिणार नाही. अण्णांचा फोटोही काढून टाका."

मॅडमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "फोटो क्लायंटचा आहे. आणि इमोशनल होऊ नकोस, हे प्रोफेशन आहे. तुमच्याकडच्या मुलींना अशी संधी कोण देतं? विचार करून सांग."

"झाला विचार करून."

मी उठले. बाहेर आमच्याच वर्गातली मुलं बसली होती. कुणी वर पाहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "नोकरी गेली म्हन की."

"हो."

"जाऊ दे. जित्तेपणी नाचवलं तेवढं लई झालं."

पोस्ट तरीही आली. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली, पण माझ्या आवाजात. मी बाबांची लाडकी, असं त्यात होतं. खाली लोकांनी हात जोडले होते, काहींनी प्लॉटचा भाव विचारला होता. लोकांना कळेल असं छोटं वाक्य कसं लिहायचं, ते मला त्याच ऑफिसात शिकवलं होतं. मी खाली लिहिलं: "हे माझे वडील आहेत. ही पोस्ट मी लिहिलेली नाही. ही जमीन विकायची नाही."

थोड्या वेळाने ते पुसलं गेलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी मला ब्लॉक केलं. मग मी आईच्या फोनवरून लिहिलं, नंतर चुलत्यांच्या. कॉलेजमध्ये सरांनी बोलावून समजावलं, कंपनीशी संबंध बिघडतील म्हणाले. मी ऐकून घेतलं.

पोस्ट अजून आहे. ते माझी वाक्यं पुसतात. मी ती पुन्हा लिहिते.