वन्स मोअर

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षरही वाकडंतिकडं; चौथीपर्यंतच शिकले, कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. आज ट्रंकेत हिरवी सुती साडी सापडली आणि सिंगापूरच्या गणपतीतला विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम आठवला. आमची शेजारीण नकला करायची. "वहिनी, तुमची हिरवी साडी द्या ना," म्हणाली, म्हणून मी इस्त्री करून दिली. हॉल गच्च भरला होता, गजऱ्यांचा वास सुटला होता. ती माझी साडी नेसून स्टेजवर आली, बोटांच्या पेरांवर बसचे थांबे मोजत. "ड्रायव्हरदादा, अकरा झाले, उतरवा की हो!" लोक हसून लोळले. इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत म्हणून मी थांबे मोजते, हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं. "वन्स मोअर!" लोक ओरडले, माझ्याशेजारी बसलेले आमचे हेसुद्धा. तिने माझ्याकडे पाहिलं, माझे डोळे भरलेले तिला दिसले, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली. माझ्याकडून उसने घेतलेले साठ डॉलर ती महिन्याला दहा असे देणार होती. आता वाटतं, ते बुडवले असते तरी चाललं असतं, फक्त दुसऱ्यांदा ती नक्कल करायला नको होती. पण पैसे तिने त्या दिवशी एकदम, सगळेच्या सगळे फेडले.