न लागलेला फोन

त्या दुपारी माझा फोन लागला होता. हे मी आजवर कुणालाच, घरीसुद्धा, सांगितलेलं नाही.

परब लालबागचे. माझ्या एसी दुरुस्तीच्या दुकानात सुरुवातीपासून पगारी मेकॅनिक. गिऱ्हाइकाच्या दारात चपला काढताना म्हणायचे, "पाटकरांचो माणूस." मग पिशवी उघडण्याआधी घरातल्या बाईंना समोर खुर्चीत बसवायचे. "वयनी, काम सरापर्यंत हयच बसा. उद्या काय हरवला तर माझा नाव नको."

धंदा वाढला तसा आमचा सीए मागे लागला. पगारी माणसं परवडत नाहीत, सगळ्यांना ठेकेदार करा, म्हणजे जबाबदारी ज्याची त्याची. "आणि त्यांना आपली माणसं म्हणायचंच नाही," हेही बजावलं. मी परबांची सही घेतली. दसऱ्याला ते नेहमीसारखे हत्यारं घेऊन दुकानात पूजेला आले. मी म्हणालो, "परब, आता हत्यारं तुमची. पूजा घरीच करा."

ते हसले. "देव पण ठेक्यार दिलात काय, शेट?" पिशवी उचलून गेले. लोकांच्या दारात मात्र म्हणत राहिले, पाटकरांचो माणूस.

गिरगावात एका घरी काम चालू असताना बाईंची बांगडी सापडेना. त्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. कुकर लावायला आत गेल्या होत्या. त्यांनी मला फोन केला. "पाटकर, स्पीकरवर आहात. मी पोलिसांना बोलावतेय. हा तुमचाच माणूस ना? हमी घेता?"

मागून परब म्हणाले, "शेट, सांगा ओ त्यांका."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मॅडम, ते ठेकेदार आहेत. आमचा संबंध नाही."

मग परबच म्हणाले, "बरा. ठेवा फोन."

अख्ख्या वाडीदेखत त्यांना चौकीत नेलं. संध्याकाळी बांगडी उशीच्या अभ्र्यात निघाली. बाईंनी माफी मागितली, पण परब पुन्हा कामासाठी कुणाच्या घरात शिरले नाहीत. भायखळ्याच्या एका गोदामावर राखणदार झाले. विचारेल त्याला सांगायचे, "शेटचो फोनच लागलो नाय." एकदा रस्त्यात भेटले, तेव्हा माझ्याकडे बघत मलाही तेच म्हणाले.

गेल्या वर्षी ते गेले. बाराव्याला त्यांच्या बायकोने मला मानाने पुढे बसवलं, नातेवाइकांना सांगितलं, "ह्ये पाटकर. तेव्हा ह्यांचो फोन लागलो असतो तर आमच्या माणसाक चौकी बघूची लागली नसती."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

वहिनींना मी एक वाक्य देणं लागतो. फोन लागला होता.