क्वार्टर मिळेपर्यंतची तांबी

आणीबाणीचे दिवस होते. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की नर्सबाई आधी ऑपरेशनचंच विचारायच्या. मलाही विचारलं. लेकीच्या वेळच्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले होते, आणि तीन वर्षं तरी दुसरं नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं.

"करून टाक, कायमची कटकट मिटेल."

"कायमचं नको," मी म्हणाले. "मालक दौंडला रेल्वेत हायेत. क्वार्टर मिळालं की आम्हाला नेणार हायेत. तिथं गेल्यावर एक लेकरू पायजे मला."

"मग तांबी बसव. पाहिजे तेव्हा काढता येते."

तांबी बसवून, 'पाहिजे तेव्हा' एवढंच डोक्यात घेऊन एसटीनं केंदूरला परतले. ओटीपोटात कळा येत होत्या, पण खुशीत होते मी. जावेला सांगितलं तर ती फिस्सकन हसली.

"नवरा दौंडला आन् तांबी केंदूरला! चोर न्हाई गावात, आन् ही कुलूप लावून बसलीया."

असा संताप आला! पण खरंच होतं ते. दिवाळीला मालक एक दिवस टेकून जायचे, मग तेही बंद झालं. घर माणसांनी भरलेलं, पण मला जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. फार एकटं वाटायचं. क्वार्टरचा विषय काढला की सासूबाई गोठ्यात निघून जायच्या.

तीन वर्षं होत आली, तेव्हा शेवटी मीच लेकीला घेऊन दौंडला गेले. क्वार्टर केव्हाच मिळालं होतं. दारात एक बाई आली. उन्हातून आलेय बघून तिनं आधी पाण्याचा तांब्या दिला, मग विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?" तिच्या कडेवर तान्हं होतं. नाक थेट आमच्या ह्यांचं.

"घर चुकले," म्हणाले. पाणी मात्र सगळं प्यायले. तहानच तशी लागली होती.

मग शिरूरला गेले. नर्सबाई त्याच होत्या.

"मुदत संपत आलीच होती. नवी बसवायची का?"

"नको. काढा फक्त."

त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे क्वार्टर मिळालं वाटतं?"

"मिळालं," मी म्हणाले.

"मग पुढच्या वर्षी पेढे आण हं."

मी हो म्हणाले, आणि लेकीचा हात धरून स्टँडवर आले.